हापूसएवढं विमान

मे महिन्यात घरबसल्या करून बघावा असा एक प्रयोग आहे. पेटीतला एक हापूस घ्यायचा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा. पाच डझनीतलं बरं फळ असेल तर आकडा २५० ग्रॅमच्या आसपास थांबतो. हातात घेतल्यावर आधी नाकाशीच न्यावंसं वाटणारं हे वजन. भारताच्या आकाशाची जी किचकट वाटणी झाली आहे, तिची पहिली रेघ याच वजनावर ओढलेली आहे.

केंद्र सरकारच्या ड्रोन नियमांत यंत्रांची जात वजनावरून ठरते. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढचा लार्ज. नॅनो उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, विम्याची सक्ती नाही. म्हणून तर बाजारातले कितीतरी ड्रोन बरोबर २४९ ग्रॅमचे असतात. वजन कमी करता करता इंजिनिअरांनी शेवटचा ग्रॅम कुठून काढला असेल कोण जाणे. अशा ड्रोनच्या पंख्यांना हौसेने संरक्षक जाळ्या लावल्या की तो २५० ओलांडतो आणि मुकाट्याने जात बदलतो. नियम बघतात ते सामानासकट एकूण वजन.

पण २५०च का? २०० का नाही, ३०० का नाही? याचं उत्तर मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मनातल्या मनात एका नारळाच्या झाडाकडे बघितलं होतं. २०१५ साली अमेरिकेत ड्रोन नोंदणीचे नियम सुचवायला एक कार्यगट नेमला होता. त्यांनी विचार असा केला: ड्रोन बिघडला आणि वरून सरळ खाली पडला, तर हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही. लहान ड्रोनसाठी तो सेकंदाला साधारण २५ मीटर धरला. डोक्यावर आदळताना ऊर्जा ८० ज्यूलच्या आसपास असेल तर जिवावर बेतण्याची शक्यता ३० टक्के, हा दुसरा आकडा. आता वेगाचा वर्ग, गुणिले वजन, भागिले दोन हे शाळेतलं गणित उलटं सोडवलं की वजन येतं पाव किलो. पुढे हा आकडा जगभर फिरला आणि आपल्याकडेही दिसू लागला.

रत्नागिरीकराने मात्र हेच गणित आपल्या आगरात करून बघावं. सोडणासकट दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून पडला तर जमिनीवर येईतो त्याच्यात २२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे नॅनो ड्रोनच्या जवळजवळ तिप्पट. नारळाला ना नोंदणी, ना विमा, आणि त्याच्याखालून आपण रोज ये-जा करतो.

हे पाव किलोचं यंत्र हवेत उभं राहतं तेही बघण्यासारखं आहे. चार पंखे, दोन एका दिशेने फिरणारे, दोन उलट्या. सगळे एकाच दिशेने फिरले असते तर ड्रोनचा सांगाडा गरगर उलटा फिरला असता. पंख्यांच्या आकारावरून हिशोब मांडला तर असा ड्रोन अधांतरी थांबलेला असतो तेव्हा सेकंदाला साधारण पाव किलो हवा खाली ढकलत असतो. आपल्याच वजनाएवढी हवा, दर सेकंदाला. खाली ढकलणं थांबलं की तोही खाली. पुढे जायचं तर मागचे दोन पंखे जरा जोरात फिरवायचे, वळायचं तर एक जोडी जोरात आणि दुसरी हळू. सुकाणू नाही, शेपूट नाही. तोल सावरण्यासाठी लागणारी दुरुस्ती सेकंदाला शेकडो वेळा होत राहते आणि तुमच्या बोटांना त्याचा पत्ताही नसतो.

एवढंसं ते. पण कायद्याच्या डोळ्यांना ते विमानच दिसतं. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा होता. त्यात विमानाची व्याख्या इतकी ऐसपैस होती की हवेच्या आधाराने तरंगणारं कुठलंही यंत्र तिच्यात बसावं, आणि कुणाला शंका राहू नये म्हणून फुगे, ग्लायडर आणि पतंगही नावानिशी घातलेले होते. संक्रांतीला गच्चीवर पोरं उडवतात ते कागदोपत्री विमान. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. वास्तविक पतंगाला कुणी परवाना विचारल्याचं ऐकिवात नाही. पण हवेत गेलं की ते सरकारचं, ही कायद्याची वृत्ती त्या एका शब्दातून पुरेपूर कळते.

ही वृत्ती पहिल्यांदा दाखवली ती मात्र कुठल्या सरकारने नव्हे, एका शहराच्या पोलिसांनी. १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून हायड्रोजन भरलेला, माणूस नसलेला फुगा सोडला होता. तो गोनेस नावाच्या खेड्यात उतरला तेव्हा गावकऱ्यांनी घाबरून त्याला काट्यांनी भोसकून फाडला. ड्रोन बघून कुत्री भुंकतात तसंच, फक्त अवजारं हातात. त्याच वर्षी नोव्हेंबरात माणूस फुग्यातून उडाला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, २३ तारखेला, पॅरिसचे पोलीसप्रमुख लेन्वार यांनी हुकूम काढला: परवानगीशिवाय फुगे सोडायचे नाहीत. फुग्याखाली विस्तव असायचा, तो घरांवर पडून आग लागायची भीती होती. माणूस उडू लागून पाच महिने होतात न होतात तोच उडण्याचा पहिला नियम आला. राजाकडून नाही, कोतवालाकडून. या लेन्वारला आपण पुढे पुन्हा भेटणार आहोत, रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षकांच्या वेशात.

पुढे आकाश कोतवालाच्या हातून निसटलं. विमानं एका देशातून दुसऱ्या देशात जायला लागल्यावर ते राष्ट्रांचं झालं. १९४४ च्या डिसेंबरात शिकागोला जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याचं आठवं कलम वाचून मी दोनदा तारीख तपासली होती. वैमानिकाशिवाय उडू शकणारं विमान दुसऱ्या देशाच्या हद्दीवरून त्या देशाच्या खास परवानगीखेरीज उडवायचं नाही, असं ते म्हणतं. १९४४! रत्नागिरीत तेव्हा अर्ध्या गावात वीज नसेल.

आणि घरमालकाचं काय? माझ्या खळ्याच्या वरची हवा माझी नाही का? हा प्रश्न अमेरिकेत कॉझबी नावाच्या एका कोंबडीपालकाने विचारला होता. लढाईच्या काळात लष्करी विमानं त्याच्या छपरावरून ६७ फुटांवरून जात. कोंबड्या दचकून भिंतींवर आपटायच्या आणि मरायच्या. दीडशेच्या आसपास गेल्या. १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमीन ज्याची त्याचं थेट स्वर्गापर्यंतचं आकाश हे जुनं सूत्र आता चालणार नाही, पण जमिनीचा उपभोग घ्यायला लागतं तेवढं लगतचं आकाश मालकाचंच. तेवढं म्हणजे नेमकं किती, ते फुटांत मात्र कुणी सांगितलं नाही.

आपल्या राज्यघटनेने तरी वाटणी सरळ केली आहे. सातव्या परिशिष्टात विमानं आणि हवाई वाहतूक केंद्राच्या सूचीत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस राज्याच्या सूचीत. कागदावर भांडण नाही. भांडण सुरू होतं ते ड्रोन आल्यावर, कारण बोइंगचा वैमानिक विमानासोबत वर जातो, ड्रोनवाला खालीच राहतो. यंत्र केंद्राच्या हवेत आणि माणूस भाट्याच्या वाळूत उभा. ड्रोन दिल्लीच्या अखत्यारीतला, ड्रोनवाला रत्नागिरीच्या.

दिल्लीला या प्रकाराचं काय करावं हे बराच काळ उमगत नव्हतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक जाहीर सूचना काढून खासगी ड्रोन उडवणंच बंद केलं. ऑगस्ट २०१८ मध्ये नियम आले आणि १ डिसेंबरपासून लागू झाले. त्यांत एक विलक्षण कल्पना होती: परवानगी नाही तर उड्डाण नाही. म्हणजे डिजिटल सही असलेली परवानगी यंत्रात उतरली नसेल तर मोटरच सुरू होणार नाही. कायदा पुस्तकातून निघून यंत्रात जाऊन बसणार. याच नियमांत किनाऱ्यापासून समुद्रात ५०० मीटरच्या पुढे जायला मनाई होती. मार्च २०२१ मध्ये आणखी एक नियमावली आली, २५ प्रकारचे अर्ज आणि ७२ प्रकारच्या फिया घेऊन. ती जेमतेम पावसाळा संपेपर्यंतही टिकली नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनी अर्ज ५ वर आणले आणि फिया ४ वर. ती यंत्रात बसणाऱ्या परवानगीची कल्पना या नियमांनी काढून टाकली नाही, पुढे केव्हातरी लागू करू म्हणून ठेवून दिली आहे. आपल्याकडे अर्ज कमी करणारा असा घूमजाव क्वचितच होतो, म्हणून त्याची नोंद.

त्याच वर्षी सप्टेंबरात नकाशा आला. हा नकाशा म्हणजे या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत अद्भुत वाटणारा भाग. भारताचं अख्खं आकाश तीन रंगांत रंगवलेलं. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाला विचारायचं. लालमध्ये फक्त केंद्र सरकारची परवानगी चालते. फक्त हे रंग आडवे पसरलेले नाहीत, उभेही रचलेले आहेत. हिरव्याच्या डोक्यावर, ४०० फुटांच्या वर, पुन्हा पिवळा. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात हिरवा फक्त २०० फुटांपर्यंत, मग पिवळा. ५ ते ८ च्या कड्यात तर पिवळा थेट जमिनीपासूनच सुरू. त्याच्याही आत लालचं राज्य. कागदावर काढलंत तर विमानतळ मधोमध ठेवून पायऱ्या-पायऱ्यांचा हौद तयार होतो. आत जावं तसं आपल्या वाट्याचं आकाश बुटकं होत जातं आणि शेवटी संपतं.

रत्नागिरीत या हौदाचा तळ मिरजोळ्याच्या सड्यावर आहे. तिथली धावपट्टी तटरक्षक दलाच्या हवाई तळाची. प्रवासी विमानाची वाट रत्नागिरीकर इतकी वर्षं बघताहेत की तो आता गप्पांचा कायमचा विषय झाला आहे. विमानतळ म्हणजे तिकीट, असं आपल्याला वाटतं. नकाशाला वाटत नाही. तिथून सरळ रेषेत मोजलं तर मारुती मंदिर, मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये, रत्नदुर्ग हे सगळं ८ किलोमीटरच्या आत येतं. म्हणजे ज्या-ज्या ठिकाणी माणसाला ड्रोन उडवावासा वाटेल ती बहुतेक सगळी. गणपतीपुळे आणि पावस १२ किलोमीटरच्या बाहेर पडतात. आरे-वारे असं सीमेवर घुटमळतं की नकाशा उघडल्याशिवाय बोलू नये. तसाही तो प्रत्येक वेळी उघडायचाच असतो, कारण रंग बदलतात.

४०० फूट ही मर्यादा आली ती विमानांच्या बाजूने. डोळ्यांनी बघत उडणाऱ्या विमानाने मोकळ्या प्रदेशावर ५०० फुटांच्या खाली येऊ नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. खालच्यांना ४००, वरच्यांना ५००, मध्ये १०० फुटांची पाणंद. हेलिकॉप्टर मात्र ही पाणंद पाळू शकत नाही. बुडत्या नावेवरच्या खलाशाला उचलायचं तर त्याला लाटांपर्यंत यावं लागतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा मदतीला हेलिकॉप्टरही आली होती. अशा वेळी कुणी हौशी माणूस पुराचं चित्रण करायला ड्रोन वर सोडतो तेव्हा तो कुणाच्या वाटेत उभा असतो, हे मुद्दाम सांगायला नको. माणसं असलेल्या विमानाला ड्रोनने वाट द्यायची, हे नियमातच आहे.

आता खास आपल्या भागातली गंमत. ४०० फूट म्हणजे कशापासून? समुद्रसपाटीपासून नव्हे, खाली जी जमीन असेल तिच्यापासून. विदर्भातल्या सपाटीत हा प्रश्न कधी पडणार नाही. रत्नागिरी मात्र सडा, उतार, खाडी, पुन्हा सडा अशी आहे. थिबा पॉइंटवर उभं राहा. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीला मिळते. तिथून ड्रोन उचललात आणि एक फूटही वर न नेता सरळ पुढे खाडीवर नेलात, तर पडद्यावर उंची तीच दिसते, पण खालची जमीन मात्र पायाखालून काढून घेतलेली असते. वर चढवलेल्या ड्रोनच्या बाबतीत तर पडद्यावर मर्यादेतला आकडा आणि प्रत्यक्षात मर्यादेबाहेरचा ड्रोन, असं सहज होतं. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला उंची कळते ती हवेच्या दाबावरून, आणि तो शून्य धरतो ती जागा जिथून उडाला ती.

हा दाब मोजणारा कण तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो. समुद्राजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, एकूण दाबाचा हजारावा भाग. एवढुशा फरकाचाही बारीकसा अंश त्याला कळतो. ड्रोन वीतभर वर-खाली झाला तरी. पण आपल्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो आणि उतरतो. सकाळी १० च्या सुमाराला जास्त, दुपारी ४ ला कमी, फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास. तेव्हा टेबलावर नुसता ठेवलेला ड्रोन सकाळपासून दुपारपर्यंत जागचा न हलता स्वतःला २५ मीटर उंच चढलेला समजू शकतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी त्याला शून्य नव्याने शिकवावं लागतं.

२०० फूट डोळ्यांना कसे दिसतात ते बघायचं असेल तर कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल बघावा. तो ६४ मीटर उंच आहे, म्हणजे २१० फूट. ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यातली हिरव्याची मर्यादा या पुलाच्या रुळांपर्यंतही पोचत नाही.

तर नकाशा दिल्लीचा. पण त्याच नियमांत एक छोटी खिडकी जिल्ह्यासाठी उघडी ठेवलेली आहे, आणि तिथे आपला लेन्वार उभा आहे. तातडीची गरज असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागावर तात्पुरता लाल रंग चढवू शकतो. जास्तीत जास्त ९६ तास. चार दिवस. आणि तो नकाशावर दिसलाच पाहिजे.

शिवाय जिल्ह्याच्या हाती आणखी एक लेखणी आहे आणि ती नकाशाहून कितीतरी जुनी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ वं कलम, आपण ज्याला अजून सवयीने १४४ म्हणतो ते. जिल्हादंडाधिकारी त्याखाली दोन महिन्यांपर्यंत मनाई हुकूम काढू शकतात. मुंबईत पोलीस आयुक्तालय या कलमाखाली ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे यांवर पुनःपुन्हा बंदी घालतं. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हाही घातली होती. हा हुकूम निघतो तो कागदावर, वर्तमानपत्रात छापून येतो, पोलीस ठाण्याच्या फलकावर लागतो. तो हवेचा रंग बदलत नाही, तो जमिनीवरच्या माणसाला सांगतो की उडवू नकोस. त्यामुळे फोनमधला नकाशा हिरवागार आणि फलकावरचा कागद मनाईचा, हे एकाच वेळी खरं असू शकतं. हौशी माणूस गोत्यात येतो तो बहुधा इथेच: त्याने आकाश तपासलेलं असतं, गाव तपासलेलं नसतं.

गावात आणखीही धनी आहेत. संरक्षित स्मारकात चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, अभयारण्यात वनखात्याची. देवस्थान म्हणू शकतं की आमच्या आवारातून नको. हवेवर यांचा कुणाचाच हक्क नाही, पण तुम्ही उभे कुठे राहणार? अमेरिकेतही हाच पेच आहे. तिथे हवा संघराज्याची, म्हणून राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ मध्ये उडण्यावर नव्हे तर आपल्या जमिनीवरून ड्रोन उचलण्यावर आणि उतरवण्यावरच बंदी घातली.

समुद्रावर तर वाटणी आणखी मजेशीर होते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, आणि त्याच पाण्यावरची हवा केंद्राच्या. मासा मुंबईचा, त्याच्यावरचं आकाश दिल्लीचं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर ९ ठिकाणांहून ड्रोनची गस्त सुरू केली. त्यांतली दोन ठिकाणं आपल्या जिल्ह्यातली, मिरकरवाडा आणि साखरीनाटे. बेकायदा एलईडीच्या उजेडातली मासेमारी आणि हद्द मोडणाऱ्या नौका टिपणं हे काम. गस्तीनौकेला जायला तास लागतो, तोवर समोरचा जाळं ओढून मोकळा झालेला असतो. ड्रोन काही मिनिटांत डोक्यावर. छोट्या होडीवाल्यांना ही गोष्ट गोड वाटते, मोठ्यांना वाटत नाही. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर दोन्ही मतं पाच मिनिटांत ऐकायला मिळतात.

बागायतदाराची गोष्ट वेगळी. हापूसची जुनी कलमं एवढी उंच आणि पसरट की मोहरावर तुडतुडे आले की गडी नळी घेऊन फांद्यांवर चढतात आणि औषध निम्मं स्वतःच्या अंगावर घेतात. फवारणीचा ड्रोन हे काम वरून करतो, पंख्यांचा खाली येणारा झोत पानं हलवून थेंब आत ढकलतो. १० लिटरची टाकी भरली की असा ड्रोन बहुधा २५ किलोच्या किंचित आत राहतो, म्हणजे पुन्हा वजनाची तीच कसरत. हा चालवायला मात्र प्रमाणपत्र हवंच: वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. आणि बाग विमानतळापासून ६-७ किलोमीटरवर असेल तर? तिथे पिवळा जमिनीपासूनच सुरू होतो. ड्रोन कलमाच्या शेंड्यावर दोन वाव, शेजारच्या माडाच्या निम्म्या उंचीवर, आणि तरी तो हवाई वाहतूक नियंत्रकाच्या आकाशात. त्याच आकाशात माडावर चढलेला माडवाला विनापरवाना बसलेला असतो.

लग्नात तर पैशाने कायदा बदलतो. मामेभावाने आपला ५०० ग्रॅमचा ड्रोन हौसेने वर सोडला तर त्याला प्रमाणपत्र लागत नाही, मायक्रोला बिगर-व्यावसायिक वापरात तेवढी सूट आहे. तोच ड्रोन, तोच मांडव, तीच नवरी. पण मामेभावाने पाकीट घेतलं की लागतं. अमेरिकेतला भाचा येताना ड्रोन घेऊन येतो म्हणाला तर त्याला आधीच थांबवावं: फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, आणि ती विमानतळावरच्या कस्टमला पाठ आहे. नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. शेजारच्या परसात डोकावणाऱ्या कॅमेऱ्याचा हिशोब याहून निराळा. तिथे ड्रोनचे नियम बाजूला राहतात आणि फौजदारी कायदा पुढे येतो.

शिमग्यात श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा हल्ली वर एक घरघर ऐकू येतेच. वरून दिसणारी ती गर्दी, गुलालाचा लोंढा आणि मधोमध नाचणारी पालखी सुंदर दिसते, नाकारण्यात अर्थ नाही. पण गर्दीवर पाव किलोचाही पंखा बंद पडला तर वर मांडलेलं ८० ज्यूलचं गणित खाली कुणाच्या तरी डोक्यावर सुटणार.

हे सगळे नियम म्हणजे माणसाने हवेत आखलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा. पण एक काम असं आहे की तिथे रेघा जमिनीवर आखाव्या लागतात, ड्रोनला दिसाव्यात म्हणून. गावठाणांची मोजणी. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात असा प्रयोग आपल्या राज्याने करून बघितला होता. ड्रोन गावावरून शिस्तीत फेऱ्या घालतो, शेकडो छायाचित्रं जोडून एक नकाशा होतो, आणि त्यातला प्रत्येक ठिपका जमिनीवरच्या पाचेक सेंटिमीटरचा. घर, गोठा, गडगा सगळं येतं. फक्त एक गोष्ट वरून दिसत नाही: कुणाचं कुठे संपतं. म्हणून उड्डाणाच्या आधी गावकऱ्यांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते.

आणि कोकणात ही रेघ मारणं म्हणजे काय ते सांगायला हवं का? बॅटऱ्या भरून ठेवलेल्या, परवानगी आलेली, वारा पडलेला, आकाश मोकळं. खाली खळ्यात दोन सख्खे भाऊ, एकाच्या हातात चुन्याचं घमेलं, दुसऱ्याचा पाय नेमका त्या जागेवर जिथे पहिला रेघ ओढणार आहे. ड्रोन थांबलाय.